घरातील हवा आणि हवाशुद्धी यंत्र : निवड व निगा
(सुरत शहरातील परिस्थितीच्या अनुषंगाने एक अभ्यासपाठ)

तापीकाठचे सुरत शहर खानदेशाला परके नाही. भुसावळहून निघालेला लोहमार्ग जळगाव, अमळनेर, नंदुरबार ही स्थानके घेत उधन्यास पोहोचतो. याच मार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे गेल्या अनेक दशकांत सुरतेस जाऊन स्थायिक झाली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आज मराठी घरोघरी बोलली जाते, आणि तेथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचीही सोय आहे. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या, भरतकामाची यंत्रे आणि साड्यांची बाजारपेठ यांवर या कुटुंबांची उपजीविका चालते. ज्या उद्योगाने त्यांची चूल पेटते, त्याच उद्योगाच्या धुराड्यांतून निघणारे कण त्यांच्या घरात शिरतात, ही या शहराची अडचण आहे.

अलीकडे विजेच्या उपकरणांच्या दुकानांत हवा शुद्ध करणारी यंत्रे सर्रास दिसू लागली आहेत. व्यवहारात त्यांना 'एअर प्युरिफायर' म्हणतात. घरात दम्याचे मूल किंवा धाप लागणारे वृद्ध माणूस असले म्हणजे असे यंत्र घ्यावे काय, हा प्रश्न कुटुंबप्रमुखापुढे उभा राहतो. गिरणीत वा मागावर काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही खरेदी लहान नव्हे. निवड चुकली तर पैसा वाया जातो. शिवाय घरातील हवा शुद्ध झाली असा खोटा विश्वास निर्माण होऊन आवश्यक ती खबरदारीही सुटते. यास्तव या यंत्राची निवड कशी करावी, त्याची निगा कशी राखावी आणि ते केव्हा घेऊ नये, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांनाही ती लागू पडेल.

हवेतील कण

हवेत तरंगणाऱ्या धुळीचे सर्व कण सारखे नसतात. मागावरील सुताचा तूस व रस्त्यावरील धूळ यांचे कण पुष्कळसे मोठे असतात. ते नाकात व घशात अडकतात, किंवा काही वेळाने खाली बसतात. खरा धोका आहे तो अडीच मायक्रॉन व त्याहून कमी व्यासाच्या सूक्ष्मकणांपासून. माणसाच्या केसाची जाडी सर्वसाधारणपणे पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते. यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. कोळसा, लिग्नाइट, डिझेल, लाकूड, कचरा इत्यादींच्या ज्वलनातून ते निर्माण होतात, फुप्फुसांच्या अगदी आतल्या भागापर्यंत पोहोचतात आणि श्वसनाच्या व हृदयाच्या विकारांस कारण होतात.

भारतात 2009 साली ठरविलेल्या मानकांनुसार या सूक्ष्मकणांचे प्रमाण एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने 60 मायक्रोग्रॅम व वार्षिक सरासरीने 40 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सुचविलेल्या मर्यादा याहून पुष्कळ कडक असून त्या अनुक्रमे 15 व 5 मायक्रोग्रॅम आहेत.

सुरतेचा अनुभव

घराच्या चार भिंतींआड विचार करण्यापूर्वी बाहेर काय घडले ते पाहणे उपयुक्त ठरेल. सुरत परिसरातील रंगाई-छपाईच्या गिरण्यांना वाफेची गरज असते आणि तीसाठी बाष्पकांत कोळसा व लिग्नाइट जाळले जाते. 2019 साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने येथे एक नवा प्रयोग सुरू केला. कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणी करणारी यंत्रे बसविण्यात आली, सर्व कारखान्यांनी मिळून किती कण हवेत सोडावेत याची मर्यादा ठरविण्यात आली, आणि त्या मर्यादेतील परवाने आपसांत विकत घेण्याची वा विकण्याची मुभा देण्यात आली. ज्याने धूर कमी केला त्यास परवाना विकून लाभ होई व ज्याने केला नाही त्यास तो विकत घ्यावा लागे. सूक्ष्मकणांच्या बाबतीत अशी बाजारपद्धती जगात प्रथम सुरतेत अवलंबिली गेली. या प्रयोगाचे निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाले. योजनेत सहभागी कारखान्यांचे कणोत्सर्जन इतरांच्या तुलनेने 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांत आढळून आले. केंद्र शासनाच्या 2024 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत सुरतेला पहिला क्रमांकही मिळाला. मात्र हे गुण प्रामुख्याने उपाययोजना व सुधारणा यांबद्दलचे असतात. शहरातील प्रत्येक वस्तीची हवा निर्मळ झाली, असा त्याचा अर्थ नव्हे.

यावरून बोध असा की, धूर जेथे निर्माण होतो तेथेच तो अडविणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. घरालाही हाच नियम लागू पडतो. यंत्र हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

यंत्र काय करते आणि काय करीत नाही

या यंत्राची रचना साधी असते. पंखा खोलीतील हवा ओढून घेतो, ती फिल्टरांतून जाते व गाळलेली हवा पुन्हा खोलीत सोडली जाते. प्रथम केस, तूस व जाड धूळ अडविणारी जाळी असते. तिच्यामागे घड्या घातलेल्या तंतुमय कागदाचा मुख्य फिल्टर असतो, त्यास 'हेपा' म्हणतात. प्रचलित व्याख्येनुसार खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉन आकाराचे किमान 99.97 टक्के कण अडवितो. हाच आकार निवडण्याचे कारण असे की, याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, याहून लहान कण सैरावैरा फिरताना तंतूंना चिकटतात, आणि या मधल्या आकाराचे कण अडविणे सर्वांत कठीण जाते. काही यंत्रांत यापुढे कोळशाच्या दाण्यांचा थर असतो. तो वास व काही वायू शोषून घेतो.

यंत्राच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे ध्यानी घेतल्या पाहिजेत. ते प्राणवायू निर्माण करीत नाही. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने साचणारा कार्बन डायऑक्साइड ते कमी करीत नाही. कोंडलेल्या जागी पेटविलेली शेगडी किंवा न्हाणीघरातील गॅसचा गीझर यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू ते अडवू शकत नाही. कोळशाचा थर पातळ असेल तर रंग व रसायनांचा वास थोडे दिवसच कमी होतो. जमिनीवर व गादीवर बसलेली धूळ यंत्राकडे आपोआप येत नाही. तिच्यासाठी ओल्या फडक्याने पुसणे हाच उपाय आहे.

यंत्र घेण्यापूर्वी

पुढील गोष्टींना फारसा खर्च येत नाही. त्या आधी कराव्यात.

1. घरातील धूर थांबवावा. बंद खोलीत मच्छर अगरबत्तीची वेटोळी रात्रभर जाळू नये. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार अशा एका वेटोळ्यातून निघणाऱ्या सूक्ष्मकणांचे वजन 75 ते 137 सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरते. मच्छरदाणी अधिक स्वस्त व अधिक सुरक्षित आहे. घरात धूम्रपान करू नये. देवापुढील उदबत्ती व धूप खिडकी उघडी ठेवून लावावेत.

2. स्वयंपाकाच्या वेळी हवा बाहेर जाऊ द्यावी. फोडणी व तळण यांतून पुष्कळ कण निघतात. ओट्याजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा बसविल्यास त्याचा लाभ हवाशुद्धी यंत्रापेक्षाही अधिक होतो.

3. खिडक्या उघडण्याची वेळ निवडावी. हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीलगतची हवा थंड व स्थिर असते, त्यामुळे धूर खालीच साचून राहतो. दुपारी ऊन तापल्यावर हवा वर मिसळते. म्हणून या दिवसांत घर पहाटेऐवजी दुपारी मोकळे करावे.

4. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत. मागावरून आल्यावर ते घराबाहेर झटकून हातपाय धुतल्यास बराचसा तूस घरात येत नाही.

घर यंत्रास योग्य आहे काय?

यंत्राचा उपयोग घराच्या बांधणीवर फार अवलंबून असतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही. एका उदाहरणाने ते स्पष्ट होईल. बाहेरच्या हवेत सूक्ष्मकणांचे प्रमाण 110 मायक्रोग्रॅम आहे असे समजू. यंत्र खोलीतील सर्व हवा तासाला 5 वेळा गाळते. घरात दुसरा धूर नाही.

पहिले घर पक्के आहे. दारे-खिडक्या लावल्यावर बाहेरची हवा तासाला खोलीच्या निम्म्या आकारमानाइतकीच आत येते. येथे यंत्र चालू असता आतील प्रमाण सुमारे 10 मायक्रोग्रॅमपर्यंत उतरेल.

दुसऱ्या घरावर पत्रे आहेत. पत्रे व भिंत यांमध्ये फटी आहेत. दार लावूनही बाहेरची हवा तासाला 5 वेळा बदलते. येथे तेच यंत्र चालविले तरी आतील प्रमाण 55 मायक्रोग्रॅमच्या खाली जाणार नाही. उन्हाळ्यात उकाड्यामुळे दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या व हवा तासाला 15 वेळा बदलू लागली, तर ते 82 मायक्रोग्रॅमच्या आसपास राहील.

खर्च दोन्ही घरांत सारखाच. लाभ मात्र एकास मोठा, दुसऱ्यास अर्धा व कधी केवळ पाव. म्हणून दुसऱ्या घरातील कुटुंबाने प्रथम फटी बुजवाव्यात, स्वयंपाकाचा धूर बाहेर काढावा आणि आजारी माणसाची झोपण्याची जागा रस्त्यापासून व चुलीपासून दूर करावी. यंत्राचा विचार त्यानंतर करावा.

यंत्राची निवड

यंत्र घेण्याचे ठरल्यास पुढील चार कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी शुद्ध हवेच्या पुरवठ्याची. प्रत्येक चांगल्या यंत्रावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात 'सीएडीआर' हा आकडा दिलेला असतो. यंत्र तासाला किती घनमीटर किंवा मिनिटाला किती घनफूट शुद्ध हवा देते, ते त्यावरून कळते. खोलीतील हवा तासाला सुमारे 5 वेळा गाळली जावी, असा हिशेब धरावा. खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद व 10 फूट उंच असेल तर तिचे आकारमान 1,200 घनफूट होते. त्याची पाचपट म्हणजे तासाला 6,000 घनफूट. मिनिटाला 100 घनफूट किंवा तासाला सुमारे 170 घनमीटर. याहून कमी आकड्याचे यंत्र या खोलीस अपुरे पडेल. हा आकडा पंख्याच्या सर्वाधिक वेगाचा असतो. त्या वेगात आवाज फार होतो, म्हणून रात्री यंत्र मंद वेगाने चालविले जाते व पुरवठा पुष्कळ घटतो. सबब गरजेपेक्षा दीडपट क्षमतेचे यंत्र घेऊन ते मध्यम वेगाने चालविणे श्रेयस्कर. खोक्यावर केवळ 'इतक्या चौरस फुटांसाठी' असे छापलेले असल्यास त्यावर विसंबू नये. तासाला किती वेळा हवा गाळण्याचा हिशेब धरला आहे, ते विचारावे.

दुसरी कसोटी फिल्टरची. 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' या शब्दांना निश्चित अर्थ नाही. फिल्टरचा दर्जा आकड्यात किंवा 'एच 13' यासारख्या श्रेणीत दिलेला असावा.

तिसरी कसोटी ओझोनची. काही यंत्रे विजेच्या साहाय्याने आयन किंवा ओझोन सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करतात. ओझोन हा स्वतःच फुप्फुसांना दाह करणारा वायू असून दम्याच्या रुग्णास तो विशेष अपायकारक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने अशा यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत 0.05 भाग अशी मर्यादा घातली आहे. आयन सोडण्याची सोय असल्यास ती बंद ठेवता येते की नाही, ते पाहावे. केवळ फिल्टरवर चालणारे यंत्र सर्वांत निर्धोक.

चौथी कसोटी एकूण खर्चाची. यंत्राची किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग आहे. समजा, यंत्र 9,000 रुपयांचे आहे, त्याचा फिल्टर 2,500 रुपयांचा असून तो दरवर्षी बदलावा लागतो, आणि यंत्र 40 वॅटचे असून ते रोज 12 तास चालते. तीन वर्षांत दोन नवे फिल्टर म्हणजे 5,000 रुपये. वीज वर्षाला सुमारे 175 युनिट. युनिटला 7 रुपये धरल्यास तीन वर्षांचे सुमारे 3,700 रुपये. एकूण खर्च 17,700 रुपये, म्हणजे किमतीच्या जवळजवळ दुप्पट झाला. ज्यास पुढील फिल्टरचा खर्च झेपणार नाही त्याने यंत्र न घेणेच बरे, कारण तुंबलेल्या फिल्टरचे यंत्र म्हणजे केवळ आवाज करणारा पंखा होय. फिल्टर आपल्याच शहरात मिळतो काय, याची खात्री खरेदीपूर्वी करून घ्यावी.

जागा व वापर

घरात एकच यंत्र असेल तर ते झोपण्याच्या खोलीत ठेवावे, कारण दिवसाचे सात-आठ तास सलग तेथेच जातात. पलंगामागे, पडद्याआड किंवा कोपऱ्यात यंत्र कोंबू नये. भिंतीपासून किमान एक फूट अंतर सोडावे. झोपण्यापूर्वी अर्धा तास दारे-खिडक्या लावून ते जलद वेगाने चालवावे व नंतर वेग कमी करावा. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ ते ठेवू नये. तेलाच्या वाफेने फिल्टर लवकर निकामी होतो.

निगा

1. नवीन यंत्रातील फिल्टर बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. ती काढल्याशिवाय यंत्र चालविणे ही नेहमी घडणारी चूक आहे. पहिल्याच दिवशी यंत्र उघडून पाहावे.

2. यंत्र उघडण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी.

3. बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने साफ करावी. ज्या वस्तीत यंत्रमाग आहेत तेथे तूस लवकर साचतो, म्हणून ती दर आठवड्याला पाहावी. जाळी धुण्याजोगी असल्यास धुऊन, सावलीत पूर्ण वाळवूनच बसवावी.

4. हेपा फिल्टर कधीही धुऊ नये, झटकू नये व उन्हात वाळत घालू नये. धुतल्याने तो स्वच्छ दिसतो, पण त्याचे तंतू बिघडतात व कण आरपार जाऊ लागतात.

5. फिल्टर बसविल्याची तारीख त्याच्या कडेवर लिहून ठेवावी. पुष्कळ यंत्रांतील सूचक दिवा केवळ तास मोजतो, प्रत्यक्ष घाण मोजत नाही. फिल्टर गडद काळा पडला, हवेचा झोत मंदावला किंवा कुबट वास येऊ लागला, तर दिव्याची वाट न पाहता तो बदलावा.

6. पावसाळ्यात सुरतेची हवा दमट असते. यंत्र अनेक आठवडे बंद ठेवायचे असल्यास फिल्टर कोरडा असल्याची खात्री करून तो पिशवीत बांधून ठेवावा. अन्यथा त्यावर बुरशी धरते.

7. जुना फिल्टर नाकातोंडावर मास्क लावून, घराबाहेर काढावा व पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये.

8. कण मोजणाऱ्या छिद्रावर धूळ बसल्यास यंत्र चुकीचा आकडा दाखविते. ते दोन-तीन महिन्यांनी कोरड्या कापसाने हलकेच पुसावे.

घरात रुग्ण असल्यास

दमा किंवा जुनाट श्वसनविकार असलेल्या माणसाच्या खोलीतील कण यंत्राने कमी होतात, व त्याचा त्रास काही अंशी हलका होऊ शकतो. परंतु यंत्र हे औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर किंवा गोळ्या यंत्राच्या भरवशावर बंद करू नयेत. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर खेळती हवा व सूर्यप्रकाश यांना पर्याय नाही. यंत्रासाठी त्याची खोली बंद करणे इतरांच्या दृष्टीने धोक्याचे ठरते. अशा घरी खिडक्या उघड्या ठेवून नियमित औषधोपचार घेणे हेच अगत्याचे आहे.

सारांश

घरातील धूर बंद करणे, स्वयंपाकाची हवा बाहेर सोडणे, योग्य वेळी खिडक्या उघडणे व घराच्या फटी बुजविणे हा क्रम आधी पाळावा. त्यानंतरही गरज वाटल्यास खोलीच्या आकारमानास पुरेल असे, खऱ्या हेपा फिल्टरचे, ओझोन न सोडणारे आणि ज्याच्या फिल्टरचा खर्च झेपेल असे यंत्र घ्यावे. एका खोलीपुरती हवा यंत्र गाळू शकते. गल्लीतील, शाळेतील व कारखान्यातील हवा मात्र धुराड्यावरच सुधारावी लागते. सुरतेच्या गिरण्यांनी ते काही अंशी साध्य होते हे दाखवून दिले आहे.

स्वाध्याय

1. एक खोली 15 फूट लांब, 12 फूट रुंद व 10 फूट उंच आहे. तिच्यासाठी मिनिटाला किती घनफूट शुद्ध हवा देणारे यंत्र लागेल? (उत्तर : 150 घनफूट)
2. पत्र्याच्या घरात यंत्राचा लाभ कमी का होतो?
3. आपल्या घरात धूर निर्माण करणाऱ्या गोष्टींची यादी करून त्यांपैकी कोणत्या विनाखर्च बंद करता येतील ते लिहा.